फाईल गावात, माणूस फडात

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांची जुनी कपाटं उघडली. निजामाच्या राजवटीतल्या महसुली नोंदी, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, जन्ममृत्यूची रजिस्टरं बाहेर निघाली. त्यातली काही मोडीत होती, काही उर्दूत. पणजोबाच्या नावापुढं काय लिहिलं आहे यावर पणतूचं शिक्षण आणि नोकरी ठरू शकते, हे उभ्या प्रदेशाला ठाऊक झालं. नोंद कुणी केली, कधी केली, मागाहून तिच्यात खाडाखोड झाली का, असे प्रश्न गावोगावच्या पारावर निघू लागले.

त्याच मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यात चार महिन्यांपूर्वीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र वेळेला हाताशी येत नाही.

याला लोकांचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. दवाखान्याच्या कागदांची एक पिशवी घरोघरी असते. ती खुंटीला टांगलेली असते, नाहीतर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली. तिच्यात केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं, एक्स-रे, या डॉक्टरनं त्या डॉक्टरला लिहिलेल्या चिठ्ठ्या असं सगळं एकावर एक बसलेलं असतं. मात्र जपून ठेवलेला कागदही टिकतोच असं नाही. ईसीजीची पट्टी बहुतेक वेळा थर्मल कागदावर निघते. तिच्यावरची रेघ ऊन लागून, प्लास्टिकच्या कव्हराला घासून, आणि नुसत्या काळानंही फिकी पडत जाते. वर पत्रे, आत परभणीचा मे महिना. असे काही उन्हाळे गेले की पट्टीवर चौकड्या उरतात आणि रेघ दिसेनाशी होते. छातीत कळ आली म्हणून तोच माणूस पुन्हा दवाखान्यात येतो तेव्हा डॉक्टरला नेमकी ती जुनी पट्टी हवी असते. आज दिसणारा बिघाड आजचा की दोन वर्षांपूर्वीचा, हे दोन पट्ट्या शेजारी ठेवल्याशिवाय सांगणं अवघड असतं. उपचार त्यावरच ठरतात.

रुग्णाची वैद्यकीय माहिती सुरक्षित कशी ठेवायची, आणि जिथं लागेल तिथं, ज्याला लागेल त्यालाच ती कशी मिळवून द्यायची, हा पुढच्या पानांचा विषय आहे. त्यासाठी क्लाउड आणि ब्लॉकचेन ही दोन साधनं सुचवली जातात. दोन्ही नावं मोठ्या शहरांतली वाटतात आणि त्यांच्याभोवती विक्रेत्यांचा गलकाही फार आहे. म्हणून ती परभणीच्या जमिनीवर ठेवून पाहिलेली बरी. ज्या जिल्ह्यात रुग्ण सतत वाटेवर असतो, तिथं या साधनांची खरी परीक्षा होते.

परभणी जिल्हा नऊ तालुक्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. आजारपण सुरू होतं ते गावातल्या डॉक्टरकडं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथून माणूस गंगाखेड, सेलू किंवा जिंतूरला जातो, मग परभणीच्या जिल्हा रुग्णालयात. इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०२३ साली. त्याआधी पुढचा ‘रेफर’ नांदेडच्या विष्णुपुरीला, अंबाजोगाईला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीला ठरलेला असायचा, आणि अवघड आजारात तो आजही असतो. ज्यांना झेपतं ते हैदराबाद गाठतात. कर्करोग निघाला तर देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई, परळला टाटा हॉस्पिटल. प्रत्येक मुक्कामी नवा केसपेपर आणि नवा नंबर मिळतो, रक्त पुन्हा काढलं जातं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार मोफत झाले तरी त्याआधीच्या तपासण्या आणि वाटेतला खर्च घरच्यांनीच सोसलेला असतो. हरवलेल्या रिपोर्टची किंमत मोजताना ही रक्कम कुठल्याच हिशेबात येत नाही.

सगळ्यात लांबची वाट मात्र ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातल्या गावांतून आणि तांड्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना ‘कोयता’ म्हणतात, सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडं आणि काही सीमेपलीकडं कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलात. वर्षाचा जवळपास अर्धा भाग कोपीत, फडाच्या कडेला जातो. कामाला जाता आलं नाही तर खाडा बसतो. त्यामुळं दुखणं अंगावर काढायचं, आणि अगदीच असह्य झालं तर जवळ असेल त्या दवाखान्यात जायचं. तिथल्या डॉक्टरनं या माणसाला आधी कधी पाहिलेलं नसतं, पुढं कधी पाहण्याची शक्यताही कमी.

सातव्या महिन्यात फडावर गेलेल्या एका बाईची कल्पना करावी. तिचं पहिलं बाळंतपण सिझरनं झालं आहे. कळा सुरू झाल्यावर तिला कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात नेलं जातं. तिथल्या डॉक्टरला पोटावरचा व्रण दिसतो. आतल्या गर्भपिशवीवरचा छेद आडवा घेतला होता की उभा, हे मात्र बाहेरून कळत नाही. आडवा आणि खालच्या भागात असेल तर काळजीपूर्वक देखरेखीखाली नैसर्गिक बाळंतपणाचा विचार करता येतो. उभा असेल तर कळांमध्ये पिशवी फाटण्याचा धोका बराच वाढतो. रक्तगट पुन्हा तपासता येतो, हिमोग्लोबिनही पाहता येतं. हा छेद मात्र फक्त पहिल्या शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिलेला असतो, आणि ते टिपण परभणीतल्या कुठल्या तरी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, गाठोड्यात बांधलेलं आहे. फाईल गावाकडं, माणूस फडात.

नोंद माणसाच्या मागून जाऊ शकते याचा दाखला सरकारी व्यवस्थेतच आहे. क्षयरोगाच्या रुग्णांसाठी ‘निक्षय’ ही देशव्यापी नोंदणी २०१२ पासून चालते. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक मिळतो. जिल्हा बदलला तर उपचाराची नोंद तिकडच्या क्षयरोग केंद्राकडं वर्ग करता येते. पोषणासाठीची रक्कम, २०१८ पासून महिना ५०० आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० रुपये, थेट खात्यात जमा होते. सोनपेठचा रुग्ण कराडला गेला तरी त्याच्या गोळ्यांचा हिशेब तुटू नये, अशी ही रचना आहे. फक्त ती एका आजाराची आहे. रक्तदाबाला, मधुमेहाला, सिझरला, फिट्सना असा क्रमांक नाही.

क्लाउडबद्दल बोलायचं तर तो परभणीत कधीचाच पोचला आहे. तो व्हॉट्सॲपच्या रूपानं पोचला. रिपोर्टचा फोटो काढायचा आणि पुण्यात कंपनीत असलेल्या भाच्याला पाठवायचा. तो ओळखीच्या डॉक्टरला पाठवतो, डॉक्टर औषध सुचवतो. या साखळीनं कितीतरी लोकांना वेळेत सल्ला मिळाला आहे आणि ती वापरणाऱ्यांना नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही. अडचण एवढीच की तो फोटो पुढं कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये राहिला, हे कुणालाच सांगता येत नाही. ताप-खोकल्याचा कागद असेल तर चालून जातं. एचआयव्हीचा, गर्भपाताचा किंवा मानसिक आजाराचा असेल तर गावात तोंड दाखवणं अवघड होतं, ठरलेलं लग्न मोडतं. एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घालणारा स्वतंत्र कायदा २०१७ साली झाला, तो याच भीतीपोटी.

क्लाउड म्हणजे दुसरीकडं उभारलेल्या, राखणीतल्या मोठ्या संगणकांवरची जागा. केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा त्यातलाच प्रकार आणि २०१५ पासूनचं डिजीलॉकरही त्याच धाटणीचं. एका ठिकाणी आग लागली, पाणी शिरलं, तरी दुसऱ्या ठिकाणी प्रत असते. एका सीटी स्कॅनमध्ये शेकडो प्रतिमा असतात. असा ढीग तालुक्याच्या रुग्णालयातल्या एकुलत्या संगणकात मावत नाही, मावला तरी टिकत नाही. म्हणून क्लाउड लागतोच. फक्त तो असला म्हणजे कुलूप लागलं असं होत नाही. २०२० च्या सुरुवातीला ग्रीनबोन या जर्मन कंपनीनं एक पाहणी प्रसिद्ध केली. एक्स-रे, सीटी, एमआरआय साठवणारे जगभरातले कितीतरी सर्व्हर इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे पडले होते. भारतातल्या उघड्या पडलेल्या प्रतिमांमध्ये सर्वाधिक वाटा महाराष्ट्राचा होता. तिथं कुणी कुलूप तोडलं नव्हतं, मुळात लावलंच गेलं नव्हतं.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी वेगळंच घडलं. हल्लेखोरांनी पाच सर्व्हरमधली सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक करून टाकली, म्हणजे मालकालाच ती वाचता येईना. देशातलं सगळ्यात नामांकित सरकारी रुग्णालय जवळपास दोन आठवडे हातानं केसपेपर लिहीत होतं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमधली एचएमआयएस ही संगणकप्रणाली थांबली आणि वॉर्डावॉर्डांत पुन्हा पेन निघालं. तिथं हल्लेखोर कुणी नव्हता, पण रुग्णाच्या हाती परिणाम तोच पडला. वर्षानुवर्षं भरलेली माहिती समोरच्या डॉक्टरला दिसेना. एकाच कंपनीच्या, एकाच प्रणालीच्या हाती सगळं सोपवलं की ती बंद पडल्यावर मागचं सगळंच अडकतं.

गळती किती जिव्हारी लागू शकते हे फिनलंडनं २०२० मध्ये पाहिलं. वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या हजारो रुग्णांची माहिती चोरीला गेली आणि चोरानं थेट रुग्णांना निरोप धाडले: पैसे द्या, नाहीतर डॉक्टरपाशी बोललेलं जगजाहीर करतो. पासवर्ड बदलता येतो, बँकेचं कार्ड बंद करता येतं. आपल्या मनातलं बाहेर गेलं की ते परत आणता येत नाही.

एवढं झाल्यावर ब्लॉकचेनकडं वळता येतं. ती समजून घ्यायला मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला फार लांब जावं लागत नाही. सातबारावरचं नाव बदलायचं तर आधी फेरफार होतो. फेरफार नोंदवहीत प्रत्येक बदलाला क्रमांक पडतो, तारीख पडते, तलाठी नोंद घेतो, हरकतीसाठी नोटीस निघते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात. तीस वर्षांनी वाद उभा राहिला तर एकेका फेरफाराचा माग काढत मूळ मालकापर्यंत जाता येतं. ब्लॉकचेन ही याच जातीची नोंदवही आहे. फरक दोन आहेत. तिची प्रत एका चावडीत न राहता अनेक कचेऱ्यांत एकाच वेळी असते, आणि प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. मधलंच एक पान बदललं तर पुढच्या सगळ्या पानांचे ठसे चुकतात आणि बाकीच्या कचेऱ्यांतल्या प्रती लगेच साक्ष देतात.

हा ठसा म्हणजे ‘हॅश’. कुठलाही मजकूर, मग ती एक ओळ असो की अख्खा एमआरआय, ठरावीक गणितातून गेला की ठरावीक लांबीची अक्षरं-आकड्यांची माळ बाहेर पडते. एसएचए-२५६ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ७.२ आहे आणि कुणी सात खोडून नऊ केला, तर बाकीचा रिपोर्ट जसाच्या तसा असूनही नवी माळ जुनीशी अजिबात जुळत नाही. उलट बाजूनं, माळ पाहून रिपोर्टमध्ये काय होतं हे ओळखता येत नाही. म्हणून ठसा चारचौघांत ठेवता येतो, रिपोर्ट कुलपात राहतो.

ही कल्पना बिटकॉइनच्या कितीतरी आधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर खोटी तारीख घालता येऊ नये म्हणून ठशांची साखळी मांडली. पुढं त्यांच्या कंपनीनं १९९५ पासून त्या साखळीचा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या लाखो प्रती घरोघरी गेल्यावर तो ठसा बदलणार कोण? जमिनीच्या व्यवहाराआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणाऱ्या मराठी माणसाला यातली समज ओळखीची वाटेल. सातोशी नाकामोतो या नावानं २००८ साली बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात या दोघांच्या कामाचे संदर्भ होते. नाणं, सट्टा, रातोरात श्रीमंती हे सगळं मागाहून आलं. रुग्णालयाच्या नोंदींना त्यातलं काहीच लागत नाही.

इथं एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. रुग्णाची फाईल ब्लॉकचेनवर ठेवायची, असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यापासून सावध राहावं. साखळीची प्रत अनेकांकडं असते, मग फाईलही अनेकांकडं जाईल. शिवाय साखळीवरचं पुसता येत नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं नागरिकाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. फाईल तयार झाली तिथं किंवा क्लाउडवर सांकेतिक स्वरूपात ठेवायची. साखळीवर फक्त तीन गोष्टी: फाईलचा ठसा, ती पाहायला रुग्णानं कुणाला परवानगी दिली त्याची खूण, आणि कुणी कधी पाहिली त्याची तारीख-वेळ. अमेरिकेतल्या एमआयटीत २०१६ साली मांडलेला ‘मेडरेक’ हा प्रयोग साधारण याच धर्तीचा होता. फाईल रुग्णालयाच्या संगणकात, परवानग्यांचा हिशेब साखळीवर.

ठशांच्या साखळीचा वापर देशभर करून दाखवला तो इस्टोनियानं. युरोपातला हा देश सुमारे १३ लाख लोकसंख्येचा, म्हणजे परभणी जिल्ह्याहून लहान. तिथं २००८ पासून देशभरातल्या आरोग्य नोंदी एकमेकांना जोडलेल्या आहेत. गार्डटाइम या कंपनीच्या ठशांच्या साखळीचा आधार त्या नोंदींना २०१६ मध्ये देण्याचं ठरलं. नागरिक आपल्या ओळखपत्रानं पोर्टलवर जातो आणि आपली फाईल कुणी उघडली ते पाहतो. नात्यातल्या कुणी, शेजारच्या कुणी कारण नसताना डोकावलं तर ते लपत नाही. पण याच देशात २०१७ साली ओळखपत्राच्या चिपमध्येच दोष सापडला आणि सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रं थांबवावी लागली. साखळी शाबूत होती, पण किल्ली कच्ची निघाली. परभणीत या विषयावर काम करू पाहणाऱ्यांनी इस्टोनियाच्या यशाइतकाच हा प्रसंगही नीट वाचावा.

महाराष्ट्रातही साखळीचा प्रयोग झाला आहे, आणि तो मुंबई-पुण्यात नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात २०२२ च्या मार्चमध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांचे ठसे पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवले गेले. लेजिटडॉक या कंपनीनं ते काम केलं. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ते खरं की बनावट हे कळावं, हा हेतू. जिथं मोबाइलची रेंज हीच नवलाई, तिथं हे काम झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दुसरी हालचाल केंद्राची. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर इथल्या डेटा सेंटरांवर चालणारी ‘विश्वस्य’ ही ब्लॉकचेन सेवा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. सरकारी विभागांना आता परक्या साखळीवर विसंबण्याची गरज उरलेली नाही.

नोंदींच्या देवाणघेवाणीचा मुख्य रस्ता मात्र आज आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर लागू झालं. ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक आजवर ७० कोटींहून अधिक लोकांना मिळाला आहे. या मिशनचा पाया ब्लॉकचेन नाही, पण त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. माहिती दिल्लीतल्या एका कोठारात गोळा होत नाही. ती जिथं तयार झाली त्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेतच राहते. कोल्हापूरच्या डॉक्टरनं मागणी केली की रुग्णाच्या मोबाइलवर विचारणा येते: कुणाला, कशासाठी, कुठल्या काळातले कोणते कागद, किती दिवस. हो म्हटलं तर कागद सांकेतिक होऊन निघतात आणि मागणाऱ्याकडंच उलगडतात, मधल्या यंत्रणेला मजकूर दिसत नाही. दिलेली संमती मागंही घेता येते. कागदावर ही रचना उत्तम आहे. ब्लॉकचेनचं काम इथं उरतं ते साक्षीदाराचं. संमतीची आणि पाहिल्याची नोंद ज्याच्या संगणकात आहे, त्यानंच ती बदलली तर? पाच-सहा स्वतंत्र संस्थांकडं तिचा ठसा असेल तर ती वाट बंद होते.

आता फडाकडं परतायचं तर हे सगळं एका मोबाइलवर येऊन अडतं. घरात स्मार्टफोन एक, तो नवऱ्याकडं किंवा मुलाकडं. आधारला जोडलेला नंबर तीन सिमकार्डांपूर्वीचा. कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या, अंगठा यंत्रावर उमटत नाही. केसपेपरच्या खिडकीवर रांग खोळंबलेली असताना ‘ओटीपी सांगा’ एवढंच म्हटलं जातं आणि ओटीपी सांगितला जातो. तांत्रिक अर्थानं ती संमती आहे. बाईला मात्र आपण कशाला हो म्हटलं ते कळलेलं नसतं, आणि विचारणा नवऱ्याच्या फोनवर गेलेली असते. जी गोष्ट तिला नवऱ्यालाच सांगायची नसेल तिचं काय, या प्रश्नाला कुठल्याही साखळीत उत्तर नाही. त्याचं उत्तर माणसांनी शोधायचं आहे: वेगळा पिन, छापील क्यूआर कार्ड, आशाताईनं एकांतात वाचून दाखवलेली दोन वाक्यं, आणि बेशुद्ध रुग्णासाठी तातडीचा दरवाजा. तो दरवाजा उघडणाऱ्याचं नाव मात्र कायमचं नोंदलं गेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट खऱ्या-खोट्याची. साखळी नोंद बदलू देत नाही, पण मुळात खोटी नोंद लिहू देते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऊसतोड कामगार महिलांची पाहणी केली. ८२ हजारांवर महिलांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, आणि त्यातल्या कितीतरी तरुण वयातल्या होत्या. खरंच गरज होती का, सोनोग्राफीत काय दिसलं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं होतं का, हे विचारायला गेलं तर अनेकींच्या दवाखान्याच्या पिशवीत पुरेसे कागदच नव्हते. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांचे ठसे त्याच दिवशी त्रयस्थ ठिकाणी नोंदवण्याची सक्ती असती, तर चुकीचा सल्ला थांबला असता असं म्हणता येणार नाही. पण मागाहून कागद ‘तयार’ करणं अशक्य झालं असतं आणि कुठल्या दवाखान्यात हे किती वेळा घडतं आहे, ते समितीची वाट न पाहता दिसलं असतं. या तंत्राचा ग्रामीण महाराष्ट्राला होऊ शकणारा सगळ्यात मोठा उपयोग हा आहे. गोपनीयतेच्या चर्चेत तो सारखा मागं पडतो.

कागद मागण्याचा हक्क तंत्रज्ञानाची वाट पाहत थांबलेला नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवणं आणि मागणी केल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ सालीच रुग्णाला त्याचे कागद नाकारता येणार नाहीत असं बजावलं. हा हक्क किती जणांना माहीत आहे, हे डिस्चार्जच्या खिडकीवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी समजतं. ज्या रुग्णालयात साधी झेरॉक्स मिळवायला हेलपाटे पडतात, तिथं ब्लॉकचेनचा फलक लावून काहीही बदलणार नाही. म्हणून सुरुवात छोटी आणि ठोस असावी. दसऱ्याआधी ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक बाईचा आणि पुरुषाचा एका पानाचा गोषवारा तयार करावा: रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया आणि सिझर असेल तर छेद कसा, गरोदरपण असेल तर तारीख. तो क्लाउडवर ठेवावा, ठसा साखळीवर नोंदवावा, आणि हातात एक लॅमिनेट केलेलं कार्ड द्यावं. रेंज नसली तरी कार्ड वाचता येतं.

साखळीची प्रत कुणाकुणाकडं असावी, हा यातला सगळ्यात नाजूक निर्णय. परभणीचं जिल्हा रुग्णालय आणि नवं वैद्यकीय महाविद्यालय हवं, राज्याचा आरोग्य विभाग हवा. जिथं मजूर जातात त्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याची जिल्हा रुग्णालयं हवीत, आणि मजुरांच्या बाजूनं बोलणारी एखादी संघटनाही हवी, म्हणजे सगळ्या प्रती सरकारच्याच हाती राहणार नाहीत. साखर कारखाना, मुकादम आणि विमा कंपनी या तिघांना मात्र त्यात जागा नसावी. कुणाला टीबी आहे, कोण गरोदर आहे, कुणाचं मन थाऱ्यावर नाही, हे उचल देणाऱ्याला आधीच कळलं तर पुढच्या हंगामात ट्रक त्या घरापुढं थांबणार नाही. परवानग्यांचे नियम लिहिताना आधी ही यादी पक्की करावी लागेल, मगच सॉफ्टवेअरची निविदा काढता येईल.